विश्लेषण : वडगावची लढाई जिंकली, मग तह का टिकला नाही? महादजी शिंदे यांच्या आयुष्यातील निर्णायक वळणे…

लोणावळ्यातील तुंगार्लीहून वडगाव मावळ सुमारे २५ किलोमीटरवर आहे. जानेवारी १७७९ मध्ये याच पट्ट्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला मराठ्यांपुढे शरणागती पत्करावी लागली. त्याच्या सव्वा वर्ष आधी, ऑक्टोबर १७७७ मध्ये, अमेरिकेत सॅराटोगा येथे ब्रिटिशांच्या आणखी एका फौजेने शस्त्रे खाली ठेवली होती. सॅराटोगाने अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची दिशा बदलली. वडगावचा तह मात्र इंग्रजांनी लगेचच झुगारला. असे का झाले, याचे उत्तर वडगावचे एक प्रमुख विजेते महादजी शिंदे यांच्या आयुष्यात सापडते.

महादजी शिंदे कोण होते?

शिंदे घराण्याचा माळव्यात जम बसवणारे राणोजी शिंदे यांचे महादजी हे पुत्र. मराठ्यांच्या उत्तरेतील विस्ताराची या घराण्याने जबर किंमत मोजली. थोरले बंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागौर येथे मारले गेले, दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर पुतणे जनकोजीही गेले. त्या रणधुमाळीतून महादजी वाचले, पण पायाला झालेल्या जखमेमुळे ते कायमचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना सुखरूप बाहेर काढले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले आणि तो त्यांचा सेनानीही झाला.

पानिपतानंतर दहा वर्षांनी मराठ्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलमला तिथे परत आणले. या मोहिमेत महादजींचा मोठा वाटा होता.

इंग्रज पुण्यावर का चालून आले?

ऑगस्ट १७७३ मध्ये पेशवे नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यांचे काका रघुनाथराव गादीवर बसले, पण नाना फडणीस आणि बारभाईंनी त्यांना बाजूला सारून नारायणरावांचे तान्हे पुत्र सवाई माधवराव यांच्या नावाने कारभार सुरू केला. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे त्यांनी कबूल केले.

कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने हा तह अमान्य करून १७७६ मध्ये पुरंदरचा वेगळा तह केला. तो मुंबईकरांना रुचला नव्हता. त्यातच १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच वकील पुण्यात दाखल झाला. अमेरिकेतील बंडामुळे इंग्लंड-फ्रान्स संबंध ताणले गेले होते. फ्रेंचांना कोकण किनाऱ्यावर बंदर मिळेल, या भीतीने मुंबई सरकारने रघुनाथरावांना घेऊन थेट पुण्याकडे फौज धाडली.

मावळात नेमके काय घडले?

नोव्हेंबर १७७८ मध्ये निघालेल्या या फौजेत सुमारे ३,९०० सैनिक होते, सोबत १९ हजारांवर बैल. निर्णय सेनापती नव्हे, तर समिती घेत असे. कॅप्टन जेम्स स्टुअर्टच्या तुकडीने बोरघाट चढून खंडाळा गाठले. मुख्य फौज डिसेंबरअखेर घाटमाथ्यावर आली. तिथून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल, म्हणजे जेमतेम १३ किलोमीटर कापायला तिला ११ दिवस लागले. दिवसाला सरासरी सव्वा किलोमीटरही नाही.

महादजी, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी समोरासमोर मोठी लढाई देण्याचे टाळले. तोफांचा मारा, बाजूने छापे आणि वाटेतील दाणावैरण जाळणे, अशी त्यांची पद्धत होती. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने स्टुअर्ट ठार झाला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले, तेव्हा गाव रिकामे होते आणि जळत होते. पुण्यातही हेच होणार, अशी बातमी होती.

११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून फौज गुपचूप माघारी फिरली. मराठ्यांना याचा सुगावा लागला होता. १२ तारखेला दिवसभर लढत इंग्रज वडगावात शिरले. त्या एका दिवसात त्यांचे साडेतीनशेवर सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलणी सुरू केली.

तहात काय ठरले आणि ते का टिकले नाही?

१६ जानेवारीच्या सुमारास तह ठरला. १७७३ पासून मुंबईकरांनी घेतलेला सर्व मुलूख परत करणे, बंगालहून येणारी फौज थांबवणे आणि महादजींना भडोचच्या महसुलात वाटा देणे, ही त्यातील मुख्य कलमे. रघुनाथराव स्वतःच महादजींच्या स्वाधीन झाले. हमी म्हणून दोन इंग्रज ओलीस ठेवून घेतले आणि बाकीच्या फौजेला मुंबईला जाऊ दिले.

इथेच कच्चा दुवा राहिला. अंतिम तह करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे इंग्रज प्रतिनिधींनी बोलण्यांतच सांगितले होते. फौज सुखरूप पोहोचताच मुंबईने तह नाकारला आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनेही तो फेटाळला. कर्नल गॉडर्डची बंगालची फौज सुरतेला पोहोचलीच. रघुनाथराव झाशीकडे नेले जात असताना वाटेतून निसटले आणि पुन्हा इंग्रजांना मिळाले. ते निसटलेच कसे, यावरून पुण्यात महादजींबद्दल संशयही घेतला गेला.

सॅराटोगा आणि वडगाव यांत फरक कुठे?

सुरुवातीची कहाणी जवळपास सारखी आहे. जनरल बर्गॉइनची फौजही तोफा आणि सामानसुमानाच्या ओझ्याने रखडली होती. अमेरिकनांनी झाडे पाडून, पूल मोडून वाट अडवल्याने ३५-४० किलोमीटरच्या टप्प्याला तिला सुमारे तीन आठवडे लागले. अखेर १७ ऑक्टोबर १७७७ रोजी जवळपास ५,८०० जणांनी शस्त्रे ठेवली.

फरक पडला तो त्यानंतर. या सैनिकांना मायदेशी पाठवण्याचे कलम सॅराटोगाच्या करारात होते, पण अमेरिकी काँग्रेसने ते पाळले नाही आणि त्यांना कैदेतच ठेवले. म्हणजे सॅराटोगात जिंकणाऱ्यांनी शब्द मोडला, वडगावात हरणाऱ्यांनी. दुसरे म्हणजे, सॅराटोगानंतर चारच महिन्यांत, फेब्रुवारी १७७८ मध्ये, फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. मराठ्यांच्या हाती मात्र वडगावानंतर ना शत्रूची फौज उरली, ना समुद्रावर साथ देणारे आरमार.

सालबाईचा तह ही माघार होती का?

नाना फडणीसांनी १७८० मध्ये हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना सोबत घेऊन इंग्रजांविरुद्ध आघाडी उभारली. पण युद्धाचा खर्चिक भार महादजींच्या मुलखावर पडला. ऑगस्ट १७८० मध्ये मेजर पॉपहॅमने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. फेब्रुवारी १७८१ मध्ये कर्नल कॅमॅकने सिप्रीजवळ, म्हणजे आजच्या शिवपुरीजवळ, महादजींचा पराभव केला. दुसरीकडे एप्रिल १७८१ मध्ये गॉडर्डला बोरघाटातून पनवेलकडे माघार घ्यावी लागली. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि होळकरांच्या हल्ल्यांत त्याचे साडेचारशेवर सैनिक मृत वा जखमी झाले. मावळात मराठे जिंकत होते, माळव्यात हरत होते.

१३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी कर्नल म्यूरशी स्वतंत्र समेट केला. सहाच दिवसांनी अमेरिकेत यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. जहाजाने महिनोन्‌महिने बातमी पोहोचण्याच्या त्या काळात ही घडामोड महादजींना कळणे शक्यच नव्हते. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, इंग्रजांनी रघुनाथरावांची बाजू सोडली, भडोच महादजींना मिळाले आणि तहाचे हमीदार म्हणून त्यांचे वजन वाढले. नानांनी मात्र हैदरच्या मृत्यूनंतरच, म्हणजे डिसेंबर १७८२ मध्ये, तहाला मंजुरी दिली.

टीकाकारांच्या मते या तहाने इंग्रजविरोधी आघाडी मोडली. समर्थकांच्या मते महादजींना उत्तरेसाठी मोकळीक मिळाली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

महादजींनी या उसंतीचे काय केले?

कवायती फौजेसमोर केवळ घोडदळ पुरत नाही, हा माळव्यातील पराभवांचा धडा त्यांनी घेतला. द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याकडून पायदळाच्या पलटणी तयार करून घेतल्या आणि तोफा ओतण्याचे कारखाने उभारले. १७८४ मध्ये बादशहाने त्यांच्याकडे वकील-ए-मुतलकपद, म्हणजे साम्राज्याचा कारभार सोपवला. १७८७ मध्ये लालसोटला त्यांना मागे हटावे लागले. गुलाम कादिरने शाह आलमचे डोळे काढल्यानंतर १७८८ मध्ये महादजींच्या फौजेने दिल्ली परत घेतली. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथील विजयांनी राजपुतान्यातही त्यांचा दबदबा बसला.

१७९२ मध्ये ते पुण्यात आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्यांचे निधन झाले. सालबाईनंतर इंग्रज-मराठे युद्ध २० वर्षे झाले नाही. ते १८०३ मध्ये पेटले, तेव्हा वारस दौलतराव शिंदे यांना होळकरांची साथ वेळेवर मिळाली नाही आणि असई, लासवारीला शिंद्यांची तीच कवायती फौज मोडली. महादजींनी फौज घडवली होती, पण पुणे, इंदूर आणि ग्वाल्हेर यांना एकत्र बांधणारी व्यवस्था त्यांना किंवा नानांना उभारता आली नाही.

आज वडगाव मावळात महादजींचे स्मारक आहे, वानवडीत शिंदे छत्री आहे आणि ‘इष्टुर फाकडा’ची समाधीही वडगावातच दाखवली जाते.