पापवा सेवगोलम

गोल्फ हा साहेबांचा खेळ, अशी आपल्या घराघरांतली जुनी समजूत. परंतु डर्बनचे पापवा सेवगोलम आपल्यासारख्याच कुळातले. त्यांचे पूर्वज नाताळच्या उसाच्या मळ्यांत शर्तबंद मजूर म्हणून आले. पापवा शाळा शिकलेच नाहीत. समुद्राजवळच्या बीचवुड मैदानावर गोऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहता वाहता खेळ शिकले, तोही उफराटा: इतरांचा उजवा हात दांडीवर खाली, यांचा डावा.

१९५९ साली उद्योगपती ग्रॅहम वुल्फ यांनी त्यांना आपल्या लहानशा विमानातून युरोपात नेले. हेगजवळच्या वाळूच्या टेकड्यांतील मैदानावर पापवांनी डच ओपन जिंकली. १९६० व १९६४ सालीही तेच विजेते.

१९६३ साली घरी, डर्बनलाच, नाताळ ओपन जिंकली. त्या दिवशी पाऊस होता. क्लबात हिंदी माणसाला नोकर म्हणूनच प्रवेश. तेव्हा विजेत्याने करंडक घेतला तो बाहेर, पावसात भिजत! ते छायाचित्र जगभर गेले आणि वर्णभेदी राजवटीची नाचक्की झाली. १९६५ साली त्यांनी गॅरी प्लेअरलाही हरविले. मग सरकारने गोऱ्यांच्या स्पर्धा त्यांना बंद केल्या. १९७८ साली ते गरिबीतच वारले.