आकाशाचा जमाखर्च ठेवणारे भास्करन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने एका ज्योतिर्विदाचे चरित्र लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्यांचे आयुष्यभराचे काम मला तरी खतावणीचेच वाटते. त्या खतावणीतली खाती माणसांची नव्हती, ताऱ्यांची होती.

मी सकाळी कॉलेज करून संध्याकाळी एका दुकानाची कीर्द लिहिते. यंदा मार्चअखेर तेरीज जुळेना. ५४ रुपयांचा फरक. दोन रात्री शोधले आणि शेवटी कंटाळून ‘किरकोळ खर्च’ लिहून जुळवून टाकले. कोणाला कळले नाही. मला मात्र ते टोचत राहिले. सुटीत हैदराबादला मावशीकडे गेले, तेव्हा बेगमपेठेतल्या जुन्या निजामिया वेधशाळेच्या आवारात गेले. तेथे आता अर्थशास्त्राची संशोधन संस्था आहे. तेथेच टी. पी. भास्करन, म्हणजेच भास्कर शास्त्री, यांचे नाव मी प्रथम ऐकले.

ही वेधशाळा नवाब जफर जंग यांनी १९०१ साली हौसेने काढली. १९०८ साली निजाम सरकारने ती ताब्यात घेतली व पुढे ती बेगमपेठेत आली. त्या काळी जगातल्या वीसेक वेधशाळांनी एक प्रचंड काम अंगावर घेतले होते. १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत ठरले होते की साऱ्या आकाशाचे फोटो काढायचे आणि अकराव्या प्रतीपर्यंतच्या प्रत्येक ताऱ्याची जागा मोजायची. चिली देशातील सँटियागोच्या वेधशाळेला तिचा पट्टा झेपला नाही. तो दक्षिणेकडचा, उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा हैदराबादने घेतला. ऑक्सफर्डहून आलेल्या पोकॉक यांनी १९१४ मध्ये कामाला गती दिली. पण १९१८ साली ऐन तारुण्यातच ते वारले. अर्धे काम टेबलावर तसेच राहिले. त्यांच्यानंतर वेधशाळेची सूत्रे भास्करन यांच्याकडे आली, ती १९४४ पर्यंत. ते तेथले पहिले भारतीय संचालक. १९१९ साली वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. १९२२ मध्ये त्यांनी पंधरा इंची दुर्बीण उभी केली. पण मुख्य काम होते ते काचांचे.

माझी आजी कन्नड बोलते. तिच्या भाषेत ठिपक्यालाही चुक्की म्हणतात आणि ताऱ्यालाही चुक्कीच. फोटोच्या काचेवर तारा हा खरोखरच एक काळा ठिपका असतो. काचेवर पाच-पाच मिलिमीटरांवर रेघांची जाळी उमटवलेली असते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, जवळच्या दोन रेघांपासून ठिपका किती दूर ते मोजायचे, आकडा लिहायचा आणि पुढच्या ठिपक्याकडे वळायचे. दक्षिण पट्ट्याच्या अशा १२६० काचा होत्या. ते काम १९२९ पर्यंत चालले. जर्मनीतल्या पोट्सडामचा पट्टा अपुरा राहिला, तेव्हा त्यातला अधिक ३६ ते अधिक ३९ अंशांचा भागही हैदराबादने उचलला. त्याच्या ५९२ काचा १९२८ ते १९३८ या काळात घेतल्या. मोजणाऱ्या व गणित करणाऱ्या मदतनीसांची नावे आज फारशी कोणी घेत नाही.

आता हिशेबतपासणीचे पाहा. काचा अशा घेतल्या होत्या की एका काचेचा कोपरा शेजारच्या काचेच्या मध्यावर यावा. म्हणजे प्रत्येक तारा निदान दोन काचांवर यायचाच. आपल्याकडे नावे आणि जमा, तसेच हे! दोन काचा वेगळे सांगू लागल्या की चूक उघडी पडायची. आणि मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट अशी की त्यांनी केवळ ताळेबंद छापला नाही, कीर्द छापली. काचेवरची मोजलेली मूळ अंतरेच खंडांमागून खंड प्रसिद्ध केली.

याचे फळ त्यांच्या पश्चात मिळाले. १९८९ साली युरोपचा हिपार्कोस उपग्रह गेला व त्याने ताऱ्यांच्या अत्यंत अचूक जागा दिल्या. त्यांच्या आधाराने अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने सर्व जुने खंड पुन्हा तपासले, हैदराबादचेही. तेजस्वी ठिपका आणि मंद ठिपका यांच्या मोजणीत पद्धतशीर फरक पडतो, असे दोष सापडले. मूळ आकडे शाबूत होते म्हणूनच ते दुरुस्त करता आले. त्यातून ४६ लाख ताऱ्यांची नवी यादी तयार झाली. जुनी जागा आणि आजची जागा यांची वजाबाकी केली की तारा किती सरकला ते कळते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या २५ लाख ताऱ्यांच्या यादीतील गती अशाच काढल्या आहेत. जुन्या काळाची ती नोंद आज कितीही पैसा ओतला तरी नव्याने मिळणार नाही.

भास्करन यांनी कोणी तपासायला येईल म्हणून आकडे नीट ठेवले असतील असे मला वाटत नाही. तपासनीस यायला सत्तर-ऐंशी वर्षे लागली. तेव्हा कोणी हौसेने फरक जुळवून टाकला असता, तर तो तारा कायमचा खोटा झाला असता.

परत आल्यावर मी दुकानदारकाकांना खरे सांगितले. ‘किरकोळ खर्च’ खोडून तो फरक उचंत खात्यात उघड दाखवला. काका रागावले. तिसऱ्या दिवशी चूक सापडली. फरकाला नवाने भाग जात होता हे मला आधीच सुचायला हवे होते. एका ठिकाणी मी ७१ चे १७ लिहिले होते.