चार्जशीटच्या कागदामागचे बाबासाहेब

काळेवाडीतून पिंपरी-चाकणला जाणाऱ्या कायम कामगाराला मालक तडकाफडकी काढू शकत नाही. आधी चार्जशीट, मग चौकशी. या हक्कामागे बाबासाहेब आहेत, हे युनियनवालेही विसरतात.

1938 ला संपावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांनी मुंबईत संप घडवला. 1942 ला ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. आजच्या ईएसआयचा पाया ठरलेला अडारकर अहवाल 1944 ला त्यांच्याच खात्याकडे आला. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याने 100 कामगारांच्या कारखान्यात सेवानियम लेखी झाले. बडतर्फीपूर्वी म्हणणे मांडायची संधी आली. सरकारी नोकरांसाठी तीच हमी राज्यघटनेच्या कलम 311 मध्ये आहे.

2020 च्या संहितेने शंभराची मर्यादा 300 वर नेली. कंत्राटी पोरांना तर चार्जशीटही मिळत नाही, गेटपास बंद होतो.