वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (१ जुलै, १९१३ - १८ ऑगस्ट, १९७९) हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ असा अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे पद सांभाळले. संकरित ज्वारीचा प्रसार, कृषी विद्यापीठांची स्थापना आणि १९७२ च्या दुष्काळातील रोजगाराची कामे यांमुळे ते महाराष्ट्रातील हरितक्रांतीचे प्रणेते म्हणून ओळखले जातात.

पूर्वायुष्य

नाईक यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली या गावी बंजारा समाजातील शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे उच्च शिक्षण नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात झाले. १९४० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काही काळ वकिली केल्यानंतर ते पुसदला परतले. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी केलेला आंतरजातीय विवाह त्या काळी दोन्हीकडच्या समाजांना सहज मानवणारा नव्हता. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेवर ते निवडून आले व तेथे महसूल खात्याचे उपमंत्री झाले. राज्य पुनर्रचनेनंतर द्विभाषिक मुंबई राज्यात त्यांच्याकडे सहकार व कृषी ही खाती आली, तर महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर महसूल खाते आले. पंचायत राज्याची रचना सुचवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले.

संकरित ज्वारी

नाईक सत्तेवर आले तेव्हा राज्य अन्नधान्याच्या तुटीत होते. १९६५ मध्ये पुण्यातील शनिवारवाड्यासमोर त्यांनी दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी, अशा अर्थाची जाहीर घोषणा केली. पुढची दोन्ही वर्षे देशभर अवर्षणाची गेली, त्यामुळे या घोषणेची मुदत तरी चुकीच्या वेळी पडली असे म्हणावे लागते. घोषणेमागचा भरवसा मात्र एका बियाण्यावर होता. अमेरिकेतून आणलेला नरवंध्य मातृवाण वापरून तयार केलेला सीएसएच-१ हा भारतातील पहिला व्यापारी संकरित ज्वारीचा वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला होता. नाईक यांनी त्याच्या प्रसारासाठी शासनाची यंत्रणा गावोगाव लावली आणि रासायनिक खतांचा आग्रह धरला.

या वाणाचे यश आणि त्याच्या मर्यादा समजण्यासाठी ज्वारीच्या पानात काय घडते हे पाहणे आवश्यक आहे. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील ऊर्जा शोषून घेते. त्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू बाहेर पडतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार होते. प्रकाशसंश्लेषणाचा वेग प्रकाश, तापमान, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नत्र यांवर अवलंबून असतो व यांपैकी जो घटक सर्वांत अपुरा असेल, तोच प्रायः वेगाला आवर घालतो. ज्वारी ही उष्ण प्रदेशाला विशेष अनुकूल वनस्पती आहे. तिच्या पानात कार्बन प्रथम चार कार्बनी संयुगात बांधला जातो आणि मग आतल्या पेशींत एकवटला जातो. त्यामुळे कडक उन्हात होणारी कार्बनची गळती टळते आणि तेवढीच शर्करा करण्यास पाणीही कमी लागते. यवतमाळच्या काळ्या जमिनीत शेजारीच उभ्या असणाऱ्या कापसाला ही सोय नाही. हा चार कार्बनी मार्ग ऑस्ट्रेलियातील हॅच व स्लॅक यांनी उसावर काम करून १९६६ मध्ये स्पष्ट केला, म्हणजे नाईक ज्वारीचा प्रचार करत होते त्याच काळात.

विदर्भातील कोरडवाहू खरिपात उन्हाची उणीव सहसा ढगाळ दिवसांपुरतीच असते. खरी अडचण पाण्याची असते. उंच गावरान वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवत. दाणा भरण्याच्या वेळी बहुधा पाऊस संपलेला असे आणि जमिनीतील ओल ओसरत असे. ओल कमी झाली की पान आपली रंध्रे मिटून पाणी राखते. मात्र त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येत असल्याने शर्करा होण्याचे कामही मंदावते. कणसातील दाणा मुख्यतः निसवल्यानंतर वरच्या पानांत तयार होणाऱ्या शर्करेवर भरतो, म्हणून नेमका तोच फटका उत्पन्नाला बसे. सीएसएच-१ सुमारे शंभर दिवसांत तयार होई व ओल असतानाच दाणा भरून घेई. संकरित वाणाचे पान मूलतः निराळे काम करत होते असे नव्हे. फरक मुख्यतः वेळेचा आणि वाटपाचा होता. गावरान ज्वारीच्या शर्करेचा मोठा हिस्सा उंच ताटात जाई, तर ठेंगण्या वाणात अधिक हिस्सा कणसाला मिळे. हरितद्रव्य व विकरे यांच्या घडणीसाठी नत्र लागतो, त्यामुळे खताला हा वाण चांगला प्रतिसाद देई. खत घातलेली उंच ज्वारी मात्र लोळण्याची भीती असे.

शेतकऱ्यांच्या तक्रारीही खऱ्या होत्या. बैलांच्या चाऱ्यासाठी कडबा कमी पडू लागला. लवकर पक्व होणारे कणीस परतीच्या पावसात सापडून दाणे बुरशीने काळे पडत. भाकरीची चव अनेकांना रुचली नाही. बियाणे दर वर्षी नव्याने विकत घ्यावे लागे, ही बाब कोरडवाहू शेतकऱ्याला विशेष जाचक होती.

कृषी विद्यापीठे आणि दुष्काळ

त्यांच्या कारकिर्दीत १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे झाली. ज्वारीच्या पुढील वाणांवरील संशोधनाला त्यामुळे राज्यातच आधार मिळाला.

१९७२ मध्ये पावसाने पाठ फिरवली आणि बियाणे व खत यांनी जे साधले होते, ते पाण्याअभावी थांबले. नाईक यांनी दुष्काळी कामांचा मोठा विस्तार केला. मे १९७३ च्या सुमारास सुमारे ५० लाख लोक या कामांवर होते. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी व रस्ते यांवर भर होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पोहोचली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. ओढ्या-नाल्यांवरील लहान बंधाऱ्यांना पुढे वसंत बंधारे असे नाव मिळाले. मुंबईतील आपल्या शासकीय निवासस्थानाला वर्षा हे नाव नाईक यांनीच दिले होते आणि ते पुढे मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाचे नाव म्हणून रूढ झाले. १९७२ मध्येच कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात तिचा प्रभाव दीर्घकाळ राहिला.

अखेरची वर्षे

१९७५ मध्ये त्यांच्या जागी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९७७ मध्ये नाईक वाशिम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हे १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते.

नाईक यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, त्यांचे नाव देण्यात आले. यवतमाळ जिल्ह्याच्या खरिपात आता कापूस, सोयाबीन व तूर यांचे प्राबल्य असून ज्वारीचे क्षेत्र बरेच घटले आहे.