शब्द तज्ज्ञाचा, गळा आरोपीचा

ऑक्टोबर १९१०. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात डॉ. हॉले क्रिपेनवर पत्नीच्या खुनाचा खटला सुरू होता. तळघरात सापडलेल्या मानवी अवशेषांना ना डोके होते, ना हातपाय. मग ती क्रिपेनची पत्नी कोरा हे ठरवायचे कसे? साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तेहतीस वर्षांचा एक उंच, देखणा, टापटीप पोशाखातला डॉक्टर उभा राहिला. कातडीच्या एका तुकड्यावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. कोराच्या पोटावर तसाच व्रण होता. बचाव पक्षाचे डॉक्टर म्हणत होते, ही नुसती कातडीची घडी आहे. तेव्हा शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडला गेला आणि ज्यूरीतल्या मंडळींनी एकेक करून त्या काचपट्ट्या पाहिल्या. क्रिपेन फासावर गेला आणि बर्नार्ड स्पिल्सबरी हे नाव घरोघरी पोहोचले.

स्पिल्सबरींचा जन्म १८७७ चा, लेमिंग्टन स्पा या गावचा. वडील रसायनांच्या धंद्यात. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आले आणि जिवंत रोग्यांपेक्षा शवविच्छेदनाच्या टेबलापाशीच रमले. मितभाषी माणूस. एकट्याने काम करायचे आणि निरीक्षणे छोट्या कार्डांवर टिपून ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. हजारो शवविच्छेदने केली, पण पाठ्यपुस्तक मात्र एकही लिहिले नाही.

१९१५ साली जॉर्ज जोसेफ स्मिथचा खटला गाजला. त्याच्या तीन नववधू एकापाठोपाठ न्हाणीच्या टबात बुडून मेल्या होत्या. झटापटीची खूण नाही, आरडाओरड नाही. पाय अचानक वर ओढले तर डोके पाण्याखाली जाऊन क्षणात शुद्ध हरपते, हे स्पिल्सबरींनी ज्यूरीला समजावले. स्मिथला फाशी झाली. १९२३ मध्ये स्पिल्सबरी ‘सर’ झाले. पुढच्याच वर्षी एका खुनाच्या जागी पोलीस उघड्या हातांनी अवशेष उचलताना त्यांनी पाहिले. हातमोजे, चिमटे, नमुन्यांच्या पिशव्या असलेली तपासाची खास बॅग स्कॉटलंड यार्डने तयार केली, ती त्यानंतर. हे श्रेय त्यांचेच.

पण कीर्तीची एक दुसरी बाजू असते. १९२५ साली ससेक्समधल्या नॉर्मन थॉर्न या कोंबड्या पाळणाऱ्या तरुणावर प्रेयसीच्या खुनाचा आरोप आला. तिने गळफास घेतला, आपण घाबरून प्रेत पुरले, असे त्याचे म्हणणे. गळ्यावर दोराची खूण नाही, मृत्यू मारहाणीने झाला, अशी साक्ष स्पिल्सबरींनी दिली. प्रेत पुन्हा बाहेर काढून तपासणाऱ्या बचावाच्या डॉक्टरांना मात्र खुणा दिसल्या होत्या. स्पिल्सबरींच्या मते त्या गळ्याच्या नैसर्गिक वळ्या होत्या. आता प्रश्न पुराव्याचा उरलाच नाही. उरला तो नावाचा. ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत निकाल दिला आणि थॉर्न फासावर चढला. जवळच राहणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल यांच्यासारख्यांनाही हा निकाल खटकला.

१९३० च्या सिडनी फॉक्स खटल्यात तर कमाल झाली. फॉक्सच्या आईच्या गळ्यात, स्वरयंत्रापाशी आपण काळानिळा डाग पाहिला, असे स्पिल्सबरी म्हणाले. एडिंबराचे नामवंत प्राध्यापक सिडनी स्मिथ यांना तो डाग दिसला नाही. तोवर तो कुजून नाहीसा झाला, हे स्पिल्सबरींचे उत्तर. म्हणजे जे दुसऱ्या कुणालाही तपासून पाहता येत नाही, त्यावर एका माणसाचे आयुष्य तोलले गेले. फॉक्स सज्जन नव्हता. तो दोषीही असेल. पण तज्ज्ञाने पाहिले म्हणून ते खरे, असे म्हटले की शास्त्र संपते आणि श्रद्धा सुरू होते.

स्पिल्सबरी खोटे बोलत होते, असे नव्हे. ते प्रामाणिक होते, अफाट कष्टाळू होते. आपली चूक होऊ शकते, हे उच्चारणे मात्र त्यांना जमले नाही आणि त्यांना तसे विचारण्याचे धाडस फारसे कुणी केले नाही.

उतारवय दुःखाचे गेले. १९४० च्या बाँबहल्ल्यात डॉक्टर झालेला मुलगा पीटर गेला, १९४५ मध्ये दुसरा मुलगा ॲलन आजारपणात गेला. स्वतःलाही पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. १७ डिसेंबर १९४७ रोजी युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या आपल्या प्रयोगशाळेत गॅसची तोटी उघडून त्यांनी जीवनयात्रा संपवली.

क्रिपेन खटल्यातली काचपट्टी मात्र जपून राहिली. २००७ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिची डीएनए तपासणी केली आणि ती पेशी कोराची नाही, इतकेच काय, स्त्रीचीही नाही, असा निष्कर्ष काढला. त्यावर वाद आहेत. पण काच जपली म्हणून तो वाद तरी घालता येतो. फॉक्सच्या आईच्या गळ्यातला डाग कुणी जपला नव्हता.

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याने तज्ज्ञाच्या म्हणण्याला मत म्हटले, निकाल नव्हे. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद आहे. मत म्हटले की त्याची कारणे विचारता येतात, विचारायलाच हवीत. स्पिल्सबरींच्या कर्तृत्वाला मान द्यावा तो त्यांच्या बॅगेसाठी आणि त्यांच्या कार्डांसाठी. पिंजऱ्यातल्या माणसाचे नाव कितीही मोठे असो, दुसऱ्या पिंजऱ्यात उभा असतो त्याला प्राण एकच असतो.