मूळ पोथी गेली, तरी म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ टिकलं कसं?

समजा, वणीतल्या चार मैत्रिणी आपापल्या मोबाइलमध्ये गावाची माहिती लिहून ठेवतात. प्रत्येकीची वही वेगळी. मग त्या एकमेकींचं लिखाण थेट आपल्या फोनवर उतरवून घेतात. मध्ये कुठल्याच कंपनीचा सर्व्हर नाही. एकीचा फोन हरवला तरी बाकीच्या तिघींकडे माहिती राहतेच. पर्सनल विकी पीअर-टू-पीअर शेअर करायची ती हीच पद्धत.

आता मोबाइल बाजूला ठेवा आणि साडेसातशे वर्षं मागे चला.

म्हाइंभट हे सराळे गावचे विद्वान. वादविवादासाठी ते चक्रधरस्वामींकडे गेले आणि त्यांचेच शिष्य झाले. स्वामी गेल्यावर महानुभाव पंथाची मंडळी आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे जमली. पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे होती.

स्वामींच्या आठवणी होत्या, पण त्या माणसांमाणसांत विखुरलेल्या. माणूस गेला की आठवणही जाणार. म्हणून म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडून तो ऐकायचा, लिहून घ्यायचा आणि नागदेवाचार्यांकडून खात्री करून घ्यायची, असं काम चाललं. त्यातून 1278 च्या सुमारास रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं, साध्या बोलत्या मराठीत. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ मानला जातो. पुढे त्यांनी गोविंदप्रभूंचं चरित्रही लिहिलं.

नंतर यादवांच्या राज्यावर उत्तरेकडून स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते. पण मजकूर अनेकांना पाठ होता. हिराइसा आणि इतर शिष्यांनी तो आठवून पुन्हा उतरवला. पुढे त्याच्या नकला मठामठांत गेल्या.

याची किंमतही मोजावी लागली. प्रत्येकाची आठवण थोडी वेगळी, त्यामुळे ‘लीळाचरित्रा’चे अनेक पाठ तयार झाले. एकात असलेली लीळा दुसऱ्यात नाही, कुठे क्रम वेगळा. कोणता पाठ खरा, हे सांगायला नागदेवाचार्यही उरले नव्हते. पीअर-टू-पीअर विकीतही हाच पेच असतो. प्रत्येकाने आपली प्रत बदलली की शेवटचा शब्द कुणाचा?

त्यात पंथाने पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. नकला सुरक्षित राहिल्या, पण बाहेरच्यांना कित्येक शतकं त्या वाचताच आल्या नाहीत. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली. वणीच्याच जिल्ह्यातले, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापलं आणि 1978 मध्ये वि. भि. कोलते यांनी वेगवेगळ्या पोथ्या ताडून संपादित केलेली आवृत्ती आली.

म्हाइंभटांच्या हातची पोथी आज कुणाकडेच नाही. तरी त्यांनी जमवलेले प्रसंग आपण वाचू शकतो, कारण त्यांचं लिखाण एकाच ठिकाणी कुलपात राहिलं नव्हतं.