डॉ. आयडा स्कडर : साथीच्या काळात पेरलेले बीज

मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, १८३६ साली डॉ. जॉन स्कडर हे अमेरिकन मिशनरी वैद्यकीय सेवेसाठी आले. त्यांची नात आयडा हिचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेट येथे झाला. बालपणी पाहिलेल्या दुष्काळामुळे या देशात राहण्याची तिला मुळीच इच्छा नव्हती. परंतु आईच्या आजारपणानिमित्त ती तिंडिवनमला आली असता, एका रात्री तीन घरांतून अडलेल्या बाळंतिणींसाठी बोलावणे आले. तिच्या वडिलांनी, म्हणजे पुरुष डॉक्टरांनी, स्त्रीला हात लावणे त्या घरांना मान्य नव्हते. सकाळपर्यंत तिघीही दगावल्या. त्या रात्री आयडाने प्रभूचे पाचारण ओळखले.

१८९९ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन आयडाबाई परतल्या. चेन्नईच्या पश्चिमेस वेल्लोर येथे १९०२ साली त्यांचे रुग्णालय उघडले. आठवड्यातून एकदा त्या गुडियात्तमच्या रस्त्याने जात आणि वाटेवरील झाडांखाली थांबून खेड्यापाड्यांतील रुग्णांना औषधे देत. एकट्या डॉक्टरचे दोन हात कोठवर पुरणार, हे त्यांना लवकरच उमगले. म्हणून १९०९ मध्ये त्यांनी परिचारिकांचे शिक्षण सुरू केले, आणि पुढे मद्रास सरकारच्या मान्यतेने १२ ऑगस्ट १९१८ रोजी स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा उघडली. मुली मिळतील काय, आणि मिळाल्या तरी टिकतील काय, अशी शंका अधिकाऱ्यांना होती.

शाळा सुरू होऊन काही आठवडे लोटतात तोच इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ देशभर फैलावली. भारतात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चार वर्षांच्या शिक्षणाचे फळ त्याच हंगामात हाती येणे शक्य नव्हते. तथापि गावोगावी शिकलेल्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या स्त्रिया का हव्यात, याचे उत्तर त्या साथीने दिले. १९२२ मध्ये पहिल्या तुकडीच्या चौदा जणी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

१९३८ च्या सुमारास सरकारने केवळ पदवी शिक्षणालाच मान्यता देण्याचे ठरविले आणि शाळा बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा सत्तरीच्या वयात आयडाबाई निधीसाठी अमेरिकेत हिंडल्या. अनेक मंडळ्यांनी हात दिला. १९४२ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९४७ पासून पुरुषांनाही प्रवेश मिळू लागला. २४ मे १९६० रोजी कोडाईकनाल येथे त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

मिरजेच्या डॉ. वॉनलेस यांच्याप्रमाणेच आयडाबाईंनीही रुग्णालयाइतकेच मोल इथल्या तरुणांना शिकविण्याला दिले. २०२० च्या कोविडच्या साथीत शेजारधर्माची व गावातल्या परिचारिकेची किंमत आपल्याला पुन्हा कळली. साथ ओसरली की माणसे विसरतात. परंतु पुढच्या संकटाची तयारी शांततेच्या दिवसांतच करावी लागते. आपल्या मंडळीतील एखाद्या होतकरू मुलीच्या परिचर्या शिक्षणाचा भार आपण सर्वांनी मिळून उचलला, तर त्यानेही या कार्याचा वारसा पुढे जाईल.